सीए फायनलचं आत्ता किती आठवतंय? खरं सांगा

जमानावे:
मंडळी, लाज वाटतेय पण विचारतेच. मे २०१९ ला फायनल सुटली माझी (आधी दुसरा ग्रुप, मग पहिला, तो रडवून रडवून), तेव्हापासून पुण्यात एका कंपनीत फायनान्सला आहे. गेल्या आठवड्यात आमच्याकडच्या इंडस्ट्रियल ट्रेनीने सहज विचारलं, मॅम घसाऱ्यामुळे डिफर्ड टॅक्सची (म्हणजे पुढच्या वर्षांवर गेलेल्या टॅक्सची) लायबिलिटीच का येते, अ‍ॅसेट का नाही? आणि मी ब्लँक. म्हणजे पूर्ण पाटी कोरी. "थांब हां, एक कॉल आहे" म्हणून वॉशरूममध्ये जाऊन मोबाईलवर शोधलं 🙈

आठ पेपर दिलेत हो मी. पानभर कन्सॉलिडेशन सोडवायचे, मायनॉरिटी इंटरेस्ट काढायचे, ऑडिटचे स्टँडर्ड नंबरासकट घोकलेले. आणि आता दिवसभर काय करते तर पेमेंट अप्रूव्ह, एमआयएस (मॅनेजमेंटचे रिपोर्ट), प्रोव्हिजनसाठी लोकांच्या मागे लागून मेल वर मेल, आणि व्हीलूकअप का चालत नाहीये म्हणून बघायचं तर नंबर टेक्स्टमध्ये असतो. तुम्हाला किती आठवतं आणि त्यातलं खरंच कामात किती येतं? की मीच एकटी अशी?

चाकणकर:
एकटी कसली, +१.

आधी तुमच्या ट्रेनीचं उत्तर देऊन टाकतो, पुन्हा कॉल घ्यायला लागू नये म्हणून 😄 १० लाखाची मशीन, पुस्तकात १० वर्षं सरळ रेषेत, म्हणजे वर्षाला १ लाख घसारा. इन्कम टॅक्सला १५ टक्के, घटत्या किमतीवर, म्हणजे पहिल्या वर्षी दीड लाख. ५० हजार जास्त वजा झाले म्हणून आज टॅक्स कमी भरला, पण मशीन तर तीच आहे, एकूण घसारा १० लाखाच्या वर जाणार नाही, म्हणजे आज वाचलेला टॅक्स पुढे भरायचाच आहे. २५ टक्क्यांनी साडेबारा हजार देणं लागतो, म्हणून लायबिलिटी. चौथ्या वर्षी टॅक्सचा घसारा ९२ हजारावर येतो, पुस्तकातला लाखच, तिथून उलटं फिरायला लागतं. पुस्तकात घसारा जास्त असता तर अ‍ॅसेट आली असती, एवढंच.

हे मला पाठ नव्हतं बरं का, मीपण आत्ता कागदावर मांडलं. पण मांडता आलं. फायनलचं माझ्याकडे एवढंच शिल्लक आहे.

एक मात्र रोज लागतं, कॉस्टिंग. ज्याला आम्ही सगळे मार्क काढायचा पेपर म्हणायचो ते. आमच्याकडे धातूच्या लांब बारमधून पार्ट कापतात, आणि तीन महिने मटेरियल युसेज व्हेरिअन्स (ठरलेला माल आणि लागलेला माल यातला फरक) उलटा येत होता, दर महिन्याला जवळपास तेवढाच. प्रॉडक्शन म्हणे ऑपरेटर नवीन आहे, स्टोअर म्हणे काटा बघा. मला खटकलं ते हे की माणसाची चूक अशी दर महिन्याला सारखी येत नाही, ती वरखाली होते. शेवटी मशीनपाशी जाऊन उभा राहिलो तर प्रत्येक बारच्या शेवटी वीतभर तुकडा उरतोय आणि थेट भंगारच्या पिंपात. सप्लायरने बारची लांबी बदललेली, पर्चेसने कमी रेट मिळाला म्हणून मंजूर केलेली, आणि सॅपमध्ये बीओएम (एका पार्टला किती माल लागतो ती यादी) जुन्याच लांबीचं. म्हणजे प्राइस व्हेरिअन्स (खरेदीच्या दरातला फरक) छान दिसत होता तो याच्याच जिवावर! परीक्षेत दोन्ही आकडे एकाच गणितात शेजारी शेजारी असतात, इथे एक पर्चेसच्या रिपोर्टमध्ये आणि एक प्रॉडक्शनच्या, आणि दोघांची तोंडं दोन दिशेला.

टॅलीवाला_नाना:
मी सीए नाही. बीकॉम, आयपीसीसीला (सीएच्या मधल्या परीक्षेला) दोनदा आपटलो, मग नाद सोडला. बारा वर्षं अकाउंटंट आहे तीन दुकानांचा, त्यामुळे माझं मत चालत असेल तर वाचा नाहीतर पुढे जा.

मला जे रोज लागतं ते कुठल्याच पेपरात नव्हतं. आमच्या पहिल्या मालकांचे एक जुने दिवाणजी होते, कीर्द खतावणी हाताने लिहिलेला माणूस, टॅलीला "डबा" म्हणायचे. पार्टीचं लेजर जुळत नव्हतं, फरक २,७००. मी दुपारपासून एकेक बिल टिक करतोय. ते आले, म्हणाले नवाने भाग जातो का बघ. गेला. म्हणाले मग आकडे उलटेसुलटे पडलेत कुठेतरी, तसलं बिल शोध. दहा मिनिटांत सापडलं, ९६,३०० चं बिल ९३,६०० घातलेलं. आणि भाग नाही गेला तर फरकाची निम्मी रक्कम शोधायची, नावेच्या जागी जमा पडली असेल तर तिथेच सापडते. टॅलीत ट्रायल बॅलन्स जुळतंच हो, चुकीचं घातलं तरी जुळतं, बिंग फुटतं ते बँकेशी नाहीतर पार्टीशी ताळा घालताना.

सीए झालेली पोरं येतात ऑडिटला, हुशार असतात, नाही म्हणत नाही. पण बँक रिकन्सिलिएशन समोर ठेवलं की पहिला तास चेक इश्यूड बट नॉट प्रेझेंटेड (दिलेला पण अजून बँकेत न आलेला चेक) वजा की अधिक यातच जातो.

वस्त्रनगरी:
नाना, शेवटचं वाक्य मनाला लागलं कारण खरं आहे 😂

मी इचलकरंजीत प्रॅक्टिस करतो, १९५६ च्या कंपनी कायद्यावर पास झालेली पिढी. ऑडिटरची नेमणूक २२४, अधिकार २२७, झोपेत विचारलं तरी सांगायचो. २०१३ चा कायदा आला आणि ते १३९ आणि १४३ झालं. कारो (ऑडिट रिपोर्टमध्ये काय काय लिहायचं त्याचा सरकारी आदेश) २००३ चा पाठ केला, मग २०१५, २०१६, आता २०२०. व्हॅट, एक्साइज, सर्व्हिस टॅक्स, सेनव्हॅट, एवढं कोळून प्यालो ते १ जुलै २०१७ ला जीएसटीत वाहून गेलं. आणि टीडीएसची १९४सी, १९४जे ही कलमं तर घरच्या माणसांची नावं असल्यासारखी तोंडात बसलेली, २०२५ चा नवीन आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून, त्यात पगार सोडून जवळजवळ सगळं एका ३९३ मध्ये कोंबलंय. त्यामुळे विसरलं याचं दुःख कशाला करायचं, आठवत असतं तरी जुनंच आठवलं असतं.

उलट मला भीती आठवतं त्याचीच वाटते. मार्च २०२४, आयकरातल्या ४३बी(एच) कलमाचा गोंधळ आठवत असेल, सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे करार नसेल तर १५ दिवसांत, असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, नाहीतर वर्षअखेरीला जे थकलेलं असेल ते उत्पन्नात. आमच्याकडे उधारीच तीन-चार महिन्यांची, यंत्रमागवाले, सायझिंगवाले, प्रोसेसवाले, सगळे एकमेकांत अडकलेले. एका क्लायंटचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो, बोलता बोलता सांगून टाकलं, घाबरू नका, रिटर्न भरायच्या आधी देऊन टाका म्हणजे झालं. कारण ४३बी म्हणजे तेच, वर्षानुवर्षं डोक्यात बसलेलं, टॅक्स असो नाहीतर बोनस. रात्री म्हटलं एकदा वाचू तरी. वाचलं तर ती सवलत या पोटकलमाला नाहीच! सकाळी सात वाजता त्यांना फोन, शेठ, कालचं विसरा, ३१ मार्चच्या आत द्यायला लागतील. तेव्हापासून विचारणाऱ्याला म्हणतो "बघून सांगतो". माहीत असलं तरी.

रात्रपाळी:
मगरपट्ट्यात अमेरिकन क्लायंटची रिटर्न्स करतो. १०६५, १०४०, के-१ हे तिकडचे फॉर्म. सीए आहे. वापर शून्य, १५ मार्चच्या आधी झोपही शून्य. तरी एक सांगतो, १० टक्के ३ वर्षं, २.४८७, म्हणजे तीन वर्षं दरवर्षी मिळणाऱ्या एक रुपयाची आजची किंमत. हा अ‍ॅन्युइटी फॅक्टर का जात नाही डोक्यातून कोणी सांगेल का? बायकोचा वाढदिवस विसरतो मी.

चाकणकर:
@रात्रपाळी २०१९ ला इंड एएस ११६ (भाडेकराराचं अकाउंटिंग स्टँडर्ड) आलं, भाड्याची गोडाऊनं ताळेबंदात आणायची होती, तेव्हा मला तुमचा तो फॅक्टर लागला होता. म्हणजे एक्सेलने काढला, पण आकडा बरोबर वाटतोय का हे तोंडी सांगता आलं. वहिनींना हे कारण सांगू नका.

जमानावे:
सगळ्यांना थँक्यू, वस्त्रनगरी सर तुमचं "बघून सांगतो" मी ऑफिसात चालू केलंय, आणि नानांचा नवाचा भाग बँक रेकोवर लावून बघितला, फरक १,३५०, भाग गेला पण आकडे उलटे नव्हते, दीडशेची नऊ बिलं राहिली होती घालायची 😅

ट्रेनीला मशीनचं गणित व्हाइटबोर्डवर करून दाखवलं, चौथ्या वर्षाला उलटतं तिथपर्यंत. एकदम कळलं त्याला, मान डोलावली. आणि मग म्हणतो, मॅम, मग कंपनी विकत घेताना येणाऱ्या गुडविलवर पहिल्यांदा नोंदवताना डिफर्ड टॅक्स का नाही धरत?

चहा आणायला पाठवलंय त्याला. दहा मिनिटं आहेत, चाकणकर आहात का ऑनलाइन?