पावसात घरी रेडिओसाठी रेकॉर्डिंग कसं करावं? (कौलारू घर, सासूबाईंची भातलावणीची गाणी)

पडवी_गुहागर
नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. जवळच्या सामुदायिक रेडिओ केंद्रासाठी दर आठवड्याला अर्ध्या तासाचा कार्यक्रम घरूनच करून देते. यंदा भातलावणीची गाणी घेतली आहेत. गाणाऱ्या माझ्या सासूबाई, वय ८६. त्यांची गाणी वाडीत आता दुसऱ्या कुणालाच पुरी येत नाहीत, म्हणून मला घाई आहे.

पहिला भाग केंद्राने परत पाठवला. आवाज हंड्यातून आल्यासारखा, मागे पाऊस आणि मधूनच खळखळ. ऐकलं तर खरंच तसं होतं. ओटीवर बसलो होतो. भिंती चिऱ्याच्या, खाली फरशी, वर नुसती कौलं आणि पुढे पडवीला पत्रा. मोबाईल पाटावर ठेवलेला. खळखळ बांगड्यांची, कारण गाताना त्यांचा हात रोप लावल्यासारखा खाली जातो आणि वर येतो. बांगड्या उतरवा असं मी त्यांना सांगणार नाही.

पाऊस जाईपर्यंत थांबले तर दसरा येईल, आणि ही गाणी लावणीच्याच दिवसांत लागायला हवीत. माझ्याकडे मोबाईल आणि पदराला लावायचा छोटा माइक आहे, बाकी काही नाही.

मालवणचा_पक्या
ताई, मी मुंबईत रेकॉर्डिंगचं काम करतो. हंड्याचा आवाज येतो तो माइक लांब असल्यामुळे. तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवा, थोडा बाजूला, म्हणजे प-फ-भ म्हणताना श्वास थेट आदळत नाही. पदराला लावू नका, कापड घासतं. उशीवर उशी रचून त्यावर ठेवा. मांडीवर जाड गोधडी द्या, हात तिच्यावर पडला की बांगड्या वाजत नाहीत.

फोन विमान मोडवर. फ्रिज आणि पंखा बंद. गाणं सुरू करण्याआधी अर्धा मिनिट कुणी बोलू नका, नुसती खोली रेकॉर्ड होऊ द्या. ऑडॅसिटीत (आवाज दुरुस्त करायचं संगणकावरचं मोफत सॉफ्टवेअर) घरघर काढायला तोच नमुना लागतो. पण ते हलक्या हाताने वापरा, जास्त केलंत तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. आणि पाऊस त्याने निघत नाही, तो आधीच टाळावा लागतो.

केंद्रावरून
मी दुसऱ्या एका सामुदायिक केंद्रावर काम करते. काकू, फाईल व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून पाठवलीत तर ती दाबली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फाईल वेव्ह (न दाबलेली) ठेवा, आणि रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये मोनो (एकच चॅनल), ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट. अर्ध्या तासाचे साधारण १७० एमबी होतात. आवाजाचा सर्वांत मोठा टोला सॉफ्टवेअरच्या मीटरवर उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू द्या, म्हणजे आवाज फाटत नाही.

आमचं प्रक्षेपण १०० वॅटचं, डोंगराआड गेलं की खरखर सुरू होते. त्यात मूळ आवाजच पुसट असेल तर ऐकणाऱ्या बाईच्या हाती काहीच लागत नाही. भाकरी थापता थापता ऐकतात हो बायका, कान लावून बसत नाहीत. आणखी एक, गाणं कुणाकडून शिकल्या, कुठल्या शेतात म्हणायच्या, हे त्यांच्याच तोंडून घ्या.

दापोलीकर६२
वहिनी, जुन्या घरात बाळंतिणीची खोली असेलच. वर लाकडी माळा आणि माळ्यावर गुरांचा पेंढा. आमच्याकडे मुसळधार पावसात तिथे नुसती गाज ऐकू येते. भाताची पोती भिंतीला लावून ठेवा, आवाज घुमणार नाही.

पडवी_गुहागर
तीन दिवसांनी लिहितेय. खोलीत दोन पोती होती, आणखी तीन ओढून आणली. गोधडी मांडीवर, उशांवर माइक. रात्री लाईट गेले, म्हणून फ्रिज बंद करायची गरजच पडली नाही. कंदिलावर केलं.

सासूबाई आत येऊन बसल्या आणि आधी भिंतीवरून हात फिरवला. म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याचा जन्म हितलाच." मग ओटीवर गायल्या होत्या त्यापेक्षा हळू गायल्या, आणि ओटीवर न आठवलेली दोन कडवी आठवली. माइक जवळ, त्यामुळे तो हळू आवाजही पुरेसा आला. पाऊस आहे, पण लांबचा.

एकच विचारायचं राहिलं. तिसऱ्या कडव्यानंतर त्या थांबतात, बराच वेळ, नुसता श्वास ऐकू येतो, मग पुढे म्हणतात. केंद्र म्हणतं, ती जागा कापा. मला कापवत नाही.

मालवणचा_पक्या
कापू नका ताई. मागे पाऊस आहे, त्यामुळे रेडिओ बंद पडला असं कुणाला वाटणार नाही. फारच लांब असेल तर तीन-चार सेकंद ठेवा आणि आतला श्वास आहे तसा राहू द्या. आणि मूळ फाईल न कापलेली वेगळी ठेवा, दोन ठिकाणी.

पडवी_गुहागर
ठेवली. एक लेकीकडे पुण्याला पाठवली. भाग शुक्रवारी लागतोय.