मदत हवी आहे: गोळीने घबराट वाढली, दुसरा उपाय सांगा (योगा सोडून)

ठिबकवाला_चाळीसगाव
मला अँक्झायटी आहे असं डॉक्टरांनी सांगितलंय. छातीत धडधड, तळहाताला घाम, आता आपण गेलोच असं वाटतं. ईसीजी, टूडी इको नॉर्मल. गोळी सुरू केली तर कमी व्हायचं सोडून वाढलं. गोळीशिवाय काय ट्रीटमेंट असते? सोमवारी कंपनीच्या मीटिंगला संभाजीनगरला जायचंय, मध्ये कन्नड घाट, आणि तिथंच सगळ्यात जास्त होतं. योगा सांगू नका. लवकर सांगा.

यार्डातला_भुसावळकर
कोणती गोळी? कोणी दिली? कधीपासून? वय काय? थायरॉइड तपासलंय का? काहीच न सांगता लवकर सांगा म्हणे.

पहाटे_पाच
योगा नको म्हणता, पण अनुलोम-विलोम हा योगा नाही, प्राणायाम आहे. सूर्योदयाच्या आधी उठून करा. मी वर्षानुवर्षं करतोय, मला कधीच अँक्झायटी झाली नाही.

यार्डातला_भुसावळकर
तुम्हाला झालीच नाही तर उपाय लागू पडला हे कसं कळलं?

अहिराणी_गडी
भाऊ, दिनमा कितला चहा पेस तू?

ठिबकवाला_चाळीसगाव
चहा सगळेच पितात. दुकानात शेतकरी आला की त्याच्यासोबत एक होतोच. त्याचा इथं काय संबंध? गोळी सायकॅट्रिस्टने दिलीय, एस्सिटालोप्राम ५. दीडेक आठवडा झाला. वय ३४. थायरॉइड नॉर्मल. आता तरी सांगा.

धुळ्याचा_केमिस्ट
चहाचा संबंध आहे. कॅफिनने धडधड वाढते आणि तुम्हाला धडधडीचीच भीती. एकदम बंद करू नका, डोकं दुखेल. हळूहळू दोन-तीनवर या.
गोळीचं म्हणाल तर दीड आठवडा काहीच नाही. या जातीच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण फायदा त्याहून उशिरा. सुरुवातीला बेचैनी, मळमळ, झोप उडणं हे बऱ्याच जणांना होतं, म्हणून तर डॉक्टर ५ पासून सुरू करतात. बरं वाटल्यावरही सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात आणि मग पायरीपायरीने कमी करतात. सोडायची असेल तर डॉक्टरांना विचारून, मनाने नाही.

शेवभाजी_तिखट
केमिस्ट गोळीचीच बाजू घेणार! माझी वहिनी चार वर्षं गोळ्या खातेय, सुस्त पडून असते. गोळी वरवर दाबते, मूळ तसंच राहतं. सीबीटी करा, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी बोलण्याची थेरपी. बारा-पंधरा बैठका, विषय संपला.

धुळ्याचा_केमिस्ट
या गोळीच्या पाकिटावर माझा बंगला उभा राहत नाही हो. वहिनी कोणती गोळी घेतात?

शेवभाजी_तिखट
नाव माहीत नाही. गुलाबी आहे.

गाडी_नंबर_विचारा
घाटावर माझ्याकडे पक्का उपाय आहे. चाळीसगावहून रेल्वेने मनमाड, तिथून दुसरी गाडी धरून संभाजीनगर. घाट नाही, जाम नाही. जळगाव-अजिंठा मार्गे मात्र जाऊ नका, फर्दापूर सोडलं की तिकडेही घाटच आहे.

अमळनेरची_लेक
रेल्वेवाले दादा, सल्ला प्रेमाचा आहे, पण या आजारात नेमकं हेच नडतं. मला पॅनिक डिसऑर्डर होती, म्हणजे घबराटीचे अचानक झटके यायचे. बँकेच्या रांगेत एकदा झालं म्हणून बँक सोडली, मग बाजार सोडला, मग एसटी. टाळलं की त्या वेळेपुरतं हायसं वाटतं आणि डोकं शिकतं की टाळलं म्हणून वाचलो.
सीबीटीत माझ्याकडून उलटं करून घेतलं. मॅडमनी खुर्चीत बसवून मुद्दाम मिनिटभर जोरजोरात श्वास घ्यायला लावला. हाताला मुंग्या, डोळ्यांपुढे अंधारी, छाती धडधडतेय. म्हटल्या, आता उठायचं नाही, पाणी प्यायचं नाही, नुसतं बघत बसायचं किती वाढतंय ते. वाढलं आणि आपोआप उतरलं. झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग ओसरतोच, हे मला वाचून पटलं नव्हतं, त्या खुर्चीत पटलं.
घाटाचंही तसंच करता येईल. आधी कुणाला सोबत घेऊन पायथ्यापर्यंत जायचं, थोडं थांबायचं, परत यायचं. मग चढून वर. मग एकट्याने. पण सोमवारी एका दमात होणार नाही ते.
आणि शेवभाजी, मी सीबीटीसोबत गोळीही घेत होते. गोळीमुळेच त्या खुर्चीत बसणं जमलं.

शेवभाजी_तिखट
तुमचं झालं, सगळ्यांचं होईलच असं नाही. चाळीसगावात सीबीटी करणारं आहे तरी कोण?

अमळनेरची_लेक
मघाशी तुम्हीच सुचवलंत ना? व्हिडिओवरही होतं. फक्त समोरची व्यक्ती क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे का, भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हे विचारून घ्या. हल्ली कुणीही पाटी लावतो. पैशांची अडचण असेल तर धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजला मानसोपचाराची ओपीडी आहे.

जडीबुटी_जामनेर
अश्वगंधा चूर्ण, गरम दुधातून, रात्री. आपल्याकडे शुद्ध मिळेल, व्यनि करा.

धुळ्याचा_केमिस्ट
धाग्यावर दुकान मांडू नका. झोपेच्या गोळ्यांबरोबर अश्वगंधेने गुंगी वाढू शकते, आणि काही जणांच्या लिव्हरला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. ठिबकवाले, यावरून विचारतो, आणखी कुठली गोळी चालू आहे का?

ठिबकवाला_चाळीसगाव
आता नाही. आधी फॅमिली डॉक्टरने दिलेली बारीक गोळी होती, अल्प्राझोलाम ०.२५, सकाळ-संध्याकाळ, पोळ्यापासून. नवीन सुरू झाली त्या दिवशी ती सोडली. दोन-दोन कशाला खायच्या. ते जाऊ द्या, सोमवारचं सांगा.

यार्डातला_भुसावळकर
हे पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं राव.

धुळ्याचा_केमिस्ट
जाऊ कसं द्या? दिवाळी होऊन गेली, म्हणजे काही महिने रोज दोनदा घेत होता. ही गोळी शरीराला सवय लावते. एकदम तोडली की घबराट दुप्पट होऊन उलटते, झोप जाते, हात कापतात. म्हणजे जे वाढलंय ते नव्या गोळीने की जुनी तुटल्याने, हे इथं बसून कुणालाच सांगता येणार नाही. सायकॅट्रिस्टला जुन्या गोळीचं सांगितलं होतं का?

ठिबकवाला_चाळीसगाव
त्यांनी विचारलं नाही.

धुळ्याचा_केमिस्ट
आज फोन करून दोन्ही नावं, डोस आणि तारखा सांगा. कोणती चालू ठेवायची, कोणती कशी उतरवायची हे तेच ठरवतील. इथलं कुणाचं ऐकून परत सुरू करू नका, माझंही नाही. ते भेटत नसतील तर १४४१६ लावा, सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. आणि हातपाय जोरात कापायला लागले, भ्रम वाटला किंवा फिट आली तर फोन करत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

पहाटे_पाच
म्हणून म्हणतो, प्राणायामाचे साइड इफेक्ट नाहीत.

विमा_विचार
यात मेडिक्लेम मिळतो का? कुणी सांगत नाही.

यार्डातला_भुसावळकर
विचारलं कुणी होतं? पण सांगतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखाच विमा द्यावा लागतो. मात्र बहुतेक पॉलिसी अॅडमिट झाल्यावरच पैसे देतात. ओपीडीच्या फीला आणि गोळ्यांना खिशातूनच.

ठिबकवाला_चाळीसगाव
डॉक्टरांच्या कंपाउंडरने फोन उचलला. संध्याकाळी सहाला दोन्ही पाकिटं घेऊन बोलावलंय. मीटिंगचं साहेबाला कळवलं, व्हिडिओवर जॉइन व्हा म्हणाला. रेल्वेवाले, तरी मनमाडहून पुढची गाडी किती वाजता असते?

अमळनेरची_लेक
दादा!!

गाडी_नंबर_विचारा
सकाळची हवी की दुपारची?

नशिराबादची_सून
माझ्या सासूबाईंनापण असंच होतं, त्यांना दमा आहे. धडधडीवर एकाने प्रोप्रानोलॉल सांगितलीय, देऊ का?

धुळ्याचा_केमिस्ट
दमा असेल तर अजिबात देऊ नका. आणि नवीन धागा काढा, सासूबाईंचं वय आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पहिल्याच पोस्टमध्ये लिहून.