थ्री-ए मध्ये गट आलाय, हरकत कशी द्यायची?

शिवार : राष्ट्रीय महामार्गाच्या थ्री-ए अधिसूचनेत (महामार्ग कायद्याचं कलम ३ए, जमीन घेण्याचा इरादा जाहीर करणारी) आमच्या गटातली ३२ आर जमीन आली आहे. रस्ता मधून जातो; विहीर अलीकडे, बाग पलीकडे राहते. हरकतीत काय लिहायचं? भाव कमी मिळेल हेही त्यातच मांडायचं का?

खाचर : भावाचं आत्ता नको. थ्री-सी ची, म्हणजे त्याच कायद्याच्या कलम ३सी खालची हरकत जमीन घेण्यालाच असते. मुदत २१ दिवस, तीही राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून. पेपरातली जाहिरात उशिरा दिसली ही सबब चालत नाही. अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे बहुधा प्रांत किंवा भूसंपादनाचे उपजिल्हाधिकारी. "आम्ही भूमिहीन होऊ" एवढंच लिहिलं तर एका ओळीत फेटाळतात. क्षेत्र चुकलंय का, आखणी किती मीटर सरकली तर विहीर आणि बाग एका बाजूला येतात, नाहीतर पाइपलाइनसाठी मोरी नेमकी कुठे हवी, हे हातनकाशासकट द्या. सुनावणी लेखी मागा. आवक शिक्क्याची प्रत जपून ठेवा.

बांधकरी : हरकतीइतकंच संयुक्त मोजणीकडे (सगळ्या खात्यांनी मिळून जागेवर केलेली मोजणी) लक्ष द्या, खरं नुकसान तिथे होतं. पंचनामा वाचल्याशिवाय सही नको. विहीर, बोअर, पाइपलाइन, प्रत्येक झाडाची जात, वय, बुंध्याचा घेर, सगळं त्यात उतरलं पाहिजे. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद नसेल तर तलाठ्याकडे आजच अर्ज करा. एखादी गोष्ट सुटली की तिची किंमत जाते आणि तिच्यावरची १०० टक्के दिलासा रक्कमही (किमतीइतकीच जादा मिळणारी) जाते.

खाचर : बरोबर. आणि जमिनीचे दोन तुकडे पडल्याचं नुकसान थ्री-जी मध्ये (भरपाई ठरवण्याचं कलम) वेगळं मागता येतं, ते बहुतेक जण मागतच नाहीत.

सूची-दोन : भावासाठी पुरावा आत्तापासून जमवा. २०१३ च्या भूसंपादन कायद्याचं कलम २६ इथेही लागू आहे: आधीच्या तीन वर्षांतली आसपासची तशाच जमिनीची खरेदीखतं, त्यातल्या जास्त भावाच्या निम्म्यांची सरासरी, ती किंवा रेडी रेकनर (सरकारी दर), जे जास्त असेल ते. दुय्यम निबंधकाकडून इंडेक्स-टू (नोंदलेल्या खरेदीखतांचे उतारे) काढा. थ्री-ए नंतरचे व्यवहार धरत नाहीत.

थ्री-ए पासून वर्षात थ्री-डी (संपादन पक्कं करणारी घोषणा) निघाली नाही तर अधिसूचना रद्द होते (कोर्टाची स्थगिती असेल तर तो काळ वगळून). थ्री-डी निघाली की मात्र जमीन केंद्र सरकारची. निवाडा (भरपाईचा आदेश) कमी वाटला तर पैसे "हक्क राखून" असं लिहून उचला आणि लवादाकडे जा. सगळे कागद तिथेच लावा. पुढे लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली जिल्हा न्यायालयात तीन महिन्यांत जाता येतं, पण तिथे पुरावा नव्याने तपासत नाहीत.