'स्वयंप्रेरणेने प्रकटीकरण' : अर्थ आणि वापर

प्रश्न : शासकीय संकेतस्थळांवर माहिती अधिकाराच्या पानावर 'स्वयंप्रेरणेने प्रकटीकरण' असे शीर्षक आढळते. आमच्या तालुक्यातील एका कार्यालयाच्या पानावरील अधिकाऱ्यांची यादी जुनी असल्याचे मी निदर्शनास आणले, तेव्हा 'ही माहिती आम्ही स्वयंप्रेरणेने देतो, सक्ती नाही' असे उत्तर मिळाले. शब्दाचा असा अर्थ होतो का?

उत्तर : कायद्यात असा अर्थ होत नाही, मात्र शब्द तो सुचवतो, हे मान्य करायला हवे. 'स्वयंप्रेरणेने' हे ज्याचे भाषांतर आहे, त्या 'सुओ मोटू' या लॅटिन शब्दप्रयोगाचा शब्दशः अर्थ 'आपल्याच गतीने', म्हणजे दुसऱ्याने न हलवता, असा आहे. 'प्रेरणा' हा शब्दही 'प्र' हा उपसर्ग आणि हलवणे, चालना देणे या अर्थाचा 'ईर्' हा धातू यांपासून झालेला असल्यामुळे व्युत्पत्तीच्या दृष्टीने 'स्वयंप्रेरणा' हा प्रतिशब्द चपखल आहे. अडचण आजच्या वापरात आहे. आज आपण प्रेरणा म्हणतो ती मनातून येणाऱ्या उर्मीला, आणि उर्मी ही कोणावर बंधनकारक नसते.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील कलम ४(१)(ख) वाचावे. (हेच कलम काही ठिकाणी ४(१)(ब) असे छापलेले दिसते.) कार्यालयाची रचना, अधिकाऱ्यांची कर्तव्ये, वेतन, अंदाजपत्रक, माहिती अधिकाऱ्यांची नावे अशा १७ बाबी अधिनियम झाल्यापासून १२० दिवसांत प्रसिद्ध कराव्यात आणि त्यानंतर दरवर्षी अद्ययावत कराव्यात, असे हे कलम सांगते. 'सुओ मोटू' हे शब्द त्यापुढील कलम ४(२) मध्ये येतात : लोकांना या अधिनियमाचा आधार कमीत कमी वेळा घ्यावा लागावा, यासाठी इंटरनेटसह विविध माध्यमांतून ठरावीक काळाने माहिती देण्याचा सतत प्रयत्न करावा. तेथे त्यांचा अर्थ 'कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता' इतकाच आहे. अर्ज नसला, तरी कर्तव्य आहेच.

पुरवणी प्रश्न : न्यायालयाच्या बातम्यांत 'स्वाधिकारे दखल' असे वाचतो. तोच शब्द येथे चालेल का?

उत्तर : माझ्या मते तो येथे अधिकच दिशाभूल करील. न्यायालयाने दखल घेणे हा त्याच्या अधिकाराचा वापर असतो, म्हणून तेथे 'स्वाधिकारे' शोभते. येथे अधिकार नागरिकाचा आहे आणि कार्यालयाच्या वाट्याला कर्तव्य आले आहे. 'स्वतःहून' बरा, पण त्यातही थोडी मेहेरबानीची छटा उरतेच. मी 'न मागता प्रसिद्ध करावयाची माहिती' असे लिहीन. शीर्षक लांबते, पण 'करावयाची' या रूपात बंधन स्पष्ट दिसते. 'प्रकटीकरण'ऐवजी 'प्रसिद्ध करणे' घेण्याचे कारणही अर्थाचेच आहे : प्रकट केलेले एका व्यक्तीपुरते असू शकते, प्रसिद्ध केलेले सर्वांसाठी असते.

आपण त्या कार्यालयाला पुन्हा लिहिणार असाल, तर शीर्षकाच्या शब्दावर वाद न घालता कलम ४(१)(ख) मधील वार्षिक अद्ययावतीकरणाची अट उद्धृत करावी. कलम ४ च्या अंमलबजावणीवर केंद्रीय आणि राज्य माहिती आयोगांनी सतत देखरेख ठेवावी, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑगस्ट २०२३ रोजी दिला आहे. त्याचाही उल्लेख पत्रात असावा.