प्रति: रुमालाचा क्रमांक आणि फडताळाचा क्रमांक एकच ठेवावा का?

नको! रुमाल म्हणजे जुन्या कागदांचं कापडात बांधलेलं गाठोडं. क्रमांक हे त्याचं नाव, फडताळ-कप्पा हा त्याचा पत्ता. घर बदललं म्हणून कुणी नाव बदलतं का? पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी कागद कापडी रुमालांत बांधलेले आहेत आणि अभ्यासक तळटिपेत रुमाल क्रमांकच देतात. तो बदलला की जुने संदर्भ लंगडे पडले.

आमच्या छोट्या संग्रहात ही चूक झाली होती. गळतीमुळे एक कपाट हलवलं आणि जागेवरून क्रमांक दिलेला '४/२/७' हा रुमाल दोन वर्षं शोधत बसलो. आता रुमालाच्या गाठीला पुठ्ठ्याची चिठ्ठी, तिच्यावर फक्त क्रमांक. जागा वेगळ्या वहीत, तीही पेन्सिलीने. बॉलपेनने लिहिलेलं खोडता येत नाही.