व्हीओआरचा काटा डावीकडं, विमान कुणीकडं? रेडिओ नॅव्हिगेशनमधला गोंधळ

जालना_स्टुडंट

नमस्कार मंडळी. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) एअर नॅव्हिगेशन पेपरची तयारी चालू आहे आणि सेसना १७२ वर क्रॉसकंट्रीही लवकरच सुरू होतील. व्हीओआर (स्टेशनच्या कुठल्या रेषेवर आहोत ते सांगणारं), एडीएफ (स्टेशनकडं बोट दाखवणारं), डीएमई (स्टेशनपासूनचं अंतर सांगणारं) वाचताना कळतं, पण गणितं सोडवायला बसलं की गाडी अडते.

हे एक उदाहरण बघा. ओबीएसवर (हवी ती रेषा निवडायच्या नॉबवर) ०९०, फ्लॅग (टू/फ्रॉम दाखवणारी खूण) फ्रॉम, काटा डावीकडं तीन ठिपके, विमानाचं हेडिंग (नाकाची दिशा) २७०. विमान कुठं आहे? मी पश्चिमेकडं तोंड करून विचार करतो, म्हणून रेषा माझ्या डावीकडं म्हणजे दक्षिणेला आणि मी तिच्या उत्तरेला. उत्तरसूचीत दक्षिणेला दिलंय. चूक कुठं होतेय?

दुसरं, 'काट्याकडं वळा' हा नियम कधी चालतो आणि कधी उलटा पडतो? तिसरं, एडीएफचा काटा नाकावर ठेवला तर स्टेशनवर पोचतोच ना, मग ते चूक का म्हणतात? शेवटचं, संभाजीनगरचं व्हीओआर लावून बीडच्या बाजूला खालून उडताना लाल फ्लॅग (सिग्नल नसल्याची खूण) येतो असं सीनियर सांगतात. हा सेटचा दोष असतो का?

नेव्ह_वर्ग

चूक एकाच जागी आहे: तुम्ही हेडिंग हिशोबात धरलं. व्हीओआरच्या रिसीव्हरला विमानाचं नाक कुठं आहे हे ठाऊकच नसतं. स्टेशनकडून ३० हर्ट्झचे दोन सिग्नल येतात. एकाचा फेज सगळ्या दिशांना सारखाच असतो, दुसऱ्याचा दिशेप्रमाणं बदलतो. रिसीव्हर या दोन फेजमधला फरक मोजतो आणि तो फरक म्हणजेच तुमचं रेडियल, स्टेशनपासून तुम्ही ज्या दिशेला आहात तिचा आकडा. यात कंपास नाही, जायरो (फिरत्या चक्रावर चालणारं दिशादर्शक) नाही. जागेवर गोल चक्कर मारलीत तरी काटा हलायचा नाही.

जालना रोडचं उदाहरण घ्या. चिकलठाण्याच्या (संभाजीनगरचा विमानतळ, व्हीओआर तिथंच) पुढं तुम्ही रोडच्या दक्षिणेला एका शेतात उभे आहात. तोंड जालन्याकडं असो की शहराकडं, शेत रोडच्या दक्षिणेलाच राहतं. व्हीओआर तुम्हाला शेत सांगतं, तोंड सांगत नाही.

आता तुमचं गणित. कागदावर स्टेशनचा ठिपका काढा, त्यातून ०९० ची रेषा आरपार ओढा आणि पूर्वेच्या टोकाला बाण करा. मग स्टेशनमधूनच तिला काटकोनात दुसरी रेषा मारा. बाणाच्या बाजूचा अर्धा भाग फ्रॉम, शेपटीकडचा टू. तुमचा फ्लॅग फ्रॉम आहे, म्हणजे विमान पूर्वेच्या अर्ध्यात. आता बाणाच्या दिशेनं तोंड करून उभे राहा, हेडिंगच्या दिशेनं नाही. काटा डावीकडं म्हणजे रेषा डावीकडं, म्हणजे उत्तरेला. रेषा उत्तरेला असेल तर विमान दक्षिणेला. एक ठिपका २ अंशांचा, तीन ठिपके म्हणजे ६ अंश, त्यामुळं विमान रेडियल ०९६ वर. पेपरात हेडिंग मुद्दाम दिलेलं असतं. ते वाचा, बाजूला ठेवा, जागा काढून झाल्यावर परत उचला.

आकृती काढायला वेळ नसेल तर एवढं पाठ करा. फ्लॅग फ्रॉम असताना काटा डावीकडं असेल तर रेडियल म्हणजे ओबीएस अधिक फरक, उजवीकडं असेल तर वजा. फ्लॅग टू असताना आधी स्टेशनकडं जाणारी दिशा काढायची: काटा उजवीकडं तर ओबीएस अधिक फरक, डावीकडं तर वजा. त्यात १८० मिळवलं की रेडियल. पण माझं मत विचाराल तर पहिली पन्नास गणितं आकृतीनंच करा. सूत्रात अधिक-वजाची गल्लत झाली तर कळायला मार्ग नसतो, आकृतीत चूक डोळ्यांना खुपते.

आता दुसरा प्रश्न. 'काट्याकडं वळा' हे तेव्हाच खरं, जेव्हा हेडिंग आणि ओबीएस साधारण एकाच दिशेचे असतात. वरच्याच उदाहरणात तुम्ही जालन्याकडून परत येताय, हेडिंग २७०, ओबीएस मात्र जाताना लावलेला ०९० तसाच राहिला. काटा डावीकडं आहे म्हणून डावीकडं वळलात तर दक्षिणेला जाल, आणि रेषा आहे उत्तरेला. जितकं वळाल तितका काटा आणखी दूर पळेल. यालाच रिव्हर्स सेन्सिंग म्हणतात. उपाय साधा आहे. परत फिरलात की नॉबही फिरवा. ओबीएस २७० केला की फ्लॅग टू होईल, काटा उजवीकडं जाईल आणि नियम पुन्हा खरा ठरेल.

पुढं रेषा पकडायची कशी तेही बघा. रेडियल ०९६, अंतर २० नॉटिकल मैल. साठास एकच्या नियमानं ६० मैलांवर १ अंश म्हणजे १ मैल, म्हणून २० मैलांवर ६ अंश म्हणजे २ मैल. ३० अंशांचा कोन घेऊन हेडिंग ३०० धरा. ग्राउंडस्पीड ९० नॉट असेल तर रेषेकडं मिनिटाला पाऊण मैल सरकाल आणि पावणेतीन मिनिटांत रेषा येईल. काटा सरकू लागला की हळूहळू २७० कडं वळायला लागा, मधोमध यायची वाट बघत बसलात तर पलीकडं निघून जाल. वारा उत्तरेकडून १५ नॉट आणि एअरस्पीड ९० असेल तर ६० भागिले ९० गुणिले १५, म्हणजे १० अंश. हेडिंग २८० धरायचं आणि काट्याकडं टक लावून न बसता हेडिंग सांभाळायचं. काटा अर्धा ठिपका हलला की लगेच वळणारे लोक रेषेच्या दोन्ही बाजूंना साप काढत जातात.

स्टेशनच्या डोक्यावर आलात की काटा नाचतो, फ्लॅग फडफडतो. तिथं काहीही करायचं नाही. आहे ते हेडिंग धरा, फ्लॅग फ्रॉमवर स्थिर झाला की मग बोला.

एव्हिऑनिक्स_नांदेड

नेव्ह_वर्ग ताईंनी जागेचं सांगितलं, मी फ्लॅगचं सांगतो. बीडकडचा तो फ्लॅग बहुतेक वेळा सेटचा दोष नसतो, उंचीचा हिशोब असतो.

व्हीओआर १०८ ते ११७.९५ मेगाहर्ट्झमध्ये चालतं. या लहरी सरळ रेषेत जातात, पृथ्वीच्या वळणामागं पोचत नाहीत. पल्ल्याचं सूत्र: १.२३ गुणिले उंचीचं वर्गमूळ, उंची फुटांत, उत्तर नॉटिकल मैलांत. सगळे इथंच फसतात, कारण अल्टिमीटरवरचा (उंचीमापकावरचा) आकडा जसाच्या तसा सूत्रात घालतात. क्यूएनएचवरचा (समुद्रसपाटीच्या दाबावर लावलेला) अल्टिमीटर समुद्रसपाटीपासून मोजतो, आणि चिकलठाण्याची जमीनच सुमारे १९०० फुटांवर आहे. बीड तिथून साधारण ५६ मैल. अल्टिमीटरवर ३५०० असतील तर स्टेशनच्या वर तुम्ही फक्त १६०० फूट. वर्गमूळ ४०, पल्ला ४९ मैल. म्हणजे बीडच्या अलीकडंच फ्लॅग येणार. ४५०० ला २६०० फूट, वर्गमूळ ५१, पल्ला जवळजवळ ६३ मैल, आणि काटा जिवंत. स्टेशनच्या अँटेनाच्या उंचीमुळं थोडी भर पडते, मध्ये डोंगर आला तर घट होते. किनाऱ्यालगतच्या स्टेशनवर सोडवलेलं गणित मराठवाड्यात तसंच लावू नका.

तरीही सेट तपासायचाच. फ्रिक्वेन्सी लावली की आधी आयडेंट (स्टेशनच्या ओळखीचा मोर्स आवाज) ऐका. आवाजाचा नॉब उघडा, मोर्समधली अक्षरं चार्टवरच्या ठिपके-रेघांशी जुळवा. काटा छान मध्ये उभा आहे पण आयडेंट नाही, असं असेल तर ते स्टेशन वापरायचं नाही. दुरुस्तीच्या काळात सिग्नल सुरू ठेवून आयडेंट काढून घेतात, आणि त्या वेळच्या काट्यावर विसंबता येत नाही.

सेसना १७२ मध्ये हटकून होणारी चूक म्हणजे काटा जीपीएसवर आहे की व्हीओआरवर हे न बघणं. जीएनएस ४३० (जीपीएस आणि रेडिओचा एकत्र सेट) असेल तर सीडीआय बटणाच्या वर जीपीएस लिहिलंय की व्हीएलओसी (म्हणजे व्हीओआर) ते बघा. जी१००० (पडद्यावर दिसणारी उपकरणं) मध्ये जांभळट काटा जीपीएसचा, हिरवा नॅव्हचा म्हणजे व्हीओआरचा. फ्रिक्वेन्सी बरोबर, आयडेंट बरोबर, आणि काटा भलत्याच रेषेवर, याचं कारण बहुतेक वेळा हेच सापडतं.

काटा एका लयीत थरथरत असेल तर आरपीएम थोडा कमी-जास्त करून बघा. प्रॉपेलरच्या ठराविक फेऱ्यांना काटा ६ अंशांपर्यंत डुलू शकतो, आरपीएम बदलला की शांत होतो. सेट उघडायची गरज नसते. दोन सेट असतील तर दोन्हींवर एकच स्टेशन लावून काटे मध्ये आणा. दोघांत ४ अंशांहून जास्त फरक पडला तर टेकलॉगमध्ये (विमानाच्या दोषांच्या नोंदवहीत) लिहा.

डीएमईचं थोडक्यात. विमान पल्स सोडतं, स्टेशन ५० मायक्रोसेकंद थांबून उत्तर देतं, लागलेल्या वेळावरून अंतर निघतं. हे अंतर तिरकं असतं. अल्टिमीटरवर ४९०० असताना चिकलठाण्याच्या डोक्यावर डीएमई शून्य दाखवणार नाही, ०.५ दाखवेल, कारण खाली ३००० फूट आहेत आणि ६००० फूट म्हणजे जवळपास एक मैल. त्यावरचा ग्राउंडस्पीडही स्टेशनकडं थेट जाताना किंवा थेट दूर जातानाच खरा. बाजूनं जाताना तो कमी दाखवतो. आणि होल्डचं बटण दाबलेलं राहिलं तर नवी फ्रिक्वेन्सी लावल्यावरही अंतर जुन्याच स्टेशनचं येत राहतं.

क्यूडीएम_परभणी

एडीएफबद्दल मी लिहितो.

व्हीओआर रोडची बाजू सांगतं, एडीएफ बोट दाखवतं: 'तो बघ, स्टेशन तिकडं.' पण ते बोट विमानाच्या नाकापासून मोजलेलं असतं. म्हणून इथं हेडिंग लागतंच. हेडिंग अधिक काट्याचा आकडा बरोबर स्टेशनकडची दिशा. हेडिंग ०६०, काटा ०४०, तर क्यूडीएम (स्टेशनकडची दिशा) १००. बेरीज ३६० च्या वर गेली तर ३६० वजा करा. जायरो कंपासशी जुळवलेला नसेल तर त्याची चूक थेट या उत्तरात उतरते, म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी जुळवा.

काटा नाकावर ठेवून पोचता, हे खरं आहे. पण सरळ पोचत नाही. वारा उजवीकडून आहे, तो विमानाला डावीकडं ढकलतो, स्टेशन उजवीकडं सरकतं, तुम्ही नाक पुन्हा त्याच्यावर आणता, वारा पुन्हा ढकलतो. वाट कमानीसारखी होते आणि शेवटी तुम्ही वाऱ्याच्या तोंडावर येऊन स्टेशन गाठता. अंतर वाढतं, इंधन जास्त जातं. सगळ्यात वाईट म्हणजे ज्या पट्ट्यातली सुरक्षित उंची तुम्ही काढून ठेवली होती तो पट्टाच सुटतो. बालाघाटच्या किंवा अजिंठ्याच्या रांगेजवळ हे परवडत नाही.

बरोबर पद्धत अशी. क्यूडीएम १०० वर यायचंय, उजवीकडच्या वाऱ्यानं १० अंशांचा ड्रिफ्ट (बाजूला सरकणं). हेडिंग ११० धरा. आता काटा ३५० वर, म्हणजे नाकाच्या १० अंश डावीकडं उभा राहिला पाहिजे, आणि तिथंच राहिला पाहिजे. काटा नाकावर आणायचा मोह आवरा. स्टेशन ओलांडून क्यूडीआर (स्टेशनपासून तुमच्याकडची दिशा) १०० वर दूर जाताना हेडिंग ११० च, काटा १७० वर.

आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग उठतात आणि ऑक्टोबरात परतीचा पाऊस येतो, त्या दिवसांत एडीएफवर फार भिस्त ठेवू नका. वीज कडाडली की काटा स्टेशन सोडून ढगाकडं वळतो. सूर्यास्ताच्या आसपास वरच्या थरातून परावर्तित होऊन आलेल्या लहरींमुळं तो भटकतो. विमान वळणात झुकलेलं असताना वाचलेला आकडाही खोटा, पंख सरळ करूनच वाचा. किनाऱ्यावरचं वक्रीभवन आपल्या आकाशात नाही, पण पेपरात असतं: लहर किनारा काटकोनात ओलांडते तेव्हा चूक सर्वांत कमी. आणि एडीएफला व्हीओआरसारखा लाल फ्लॅग साधारणपणे नसतो. सिग्नल गेला तरी काटा कुठंतरी उभा राहतो. म्हणून एनडीबी (एडीएफ ज्याकडं बोट दाखवतं ते जमिनीवरचं स्टेशन) वापरत असाल तोवर आयडेंट कानात चालू राहू द्या.

जालना_स्टुडंट

सगळ्यांचे मनापासून आभार. आकृतीनं एक सोडवून बघितलं. ओबीएस ०४५, फ्लॅग टू, काटा उजवीकडं दोन ठिपके, हेडिंग १८०. हेडिंग बाजूला ठेवलं. फ्लॅग टू म्हणून विमान नैर्ऋत्येच्या अर्ध्यात. ०४५ कडं तोंड केलं, रेषा उजवीकडं म्हणजे आग्नेयेला, म्हणून मी वायव्येच्या बाजूला. ४ अंश. रेडियल २२१. बरोबर?

नेव्ह_वर्ग

बाजू अगदी बरोबर, शेवटचा आकडा चुकला. नैर्ऋत्येला पसरलेली रेषा म्हणजे रेडियल २२५. तिच्यापासून वायव्येकडं सरकायचं म्हणजे पश्चिमेकडं, घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं, म्हणजे आकडा वाढतो. उत्तर २२९. सूत्रानं पडताळा: टू, काटा उजवीकडं, ०४५ अधिक ४ म्हणजे ०४९, त्यात १८० मिळवले की २२९.

आकृतीत रेषेच्या दोन्ही टोकांना रेडियलचे आकडे आधीच लिहीत जा, इथं ०४५ आणि २२५, आणि प्रत्येक टोकाशी आकडा कुठल्या बाजूला वाढतो त्याचा छोटा बाण काढा. आता हेच गणित हेडिंग १८० धरून पुढं न्या: २२९ वरून २२५ ची रेषा पकडून स्टेशनकडं यायचंय, ४५ अंशांच्या कोनानं, तर कुठलं हेडिंग? उत्तर इथंच टाका, आकृतीसकट.

जालना_स्टुडंट

रेषा आग्नेयेला आहे आणि जायचंय ०४५ कडं, म्हणून ०४५ अधिक ४५, हेडिंग ०९०. आत्ता १८० वर आहे, तर डावीकडं ९० अंश वळायचं. काटा उजवीकडं असला तरी वळण डावीकडं, कारण हेडिंग आणि ओबीएस एका दिशेचे नाहीत.

नेव्ह_वर्ग

बरोबर.