डावखुरी आहे, उंची कमी आहे : लढण्याची स्वतःची शैली कशी ठरवावी?

डिचोलीची_डावखुरी
सप्रेम नमस्कार. मी 26 वर्षांची असून म्हापशात नोकरी करते आणि गेले आठ महिने कामावरून सुटल्यावर आठवड्यातून तीन दिवस बॉक्सिंगच्या वर्गाला जाते. माझी उंची पाच फूट दोन इंच आणि वजन 54 किलो आहे. मी डावखुरी आहे, परंतु पहिल्या दिवशी सगळ्यांबरोबर मलाही डावा पाय पुढे ठेवून उभे करण्यात आले आणि तोच पवित्रा अंगवळणी पडला. जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), क्रॉस (मागच्या हाताचा सरळ ठोसा), हुक (कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा) सुटे सुटे मारताना सरांची फारशी तक्रार नसते. स्पॅरिंगला, म्हणजे जोडीदाराबरोबरच्या सराव-लढतीला, उभी राहिले की मात्र समोरची मुलगी जशी लढेल तशी मी लढू लागते. ती पुढे आली की मी मागे सरते, ती थांबली की मीही थांबते. वर्गात वीस जण असल्यामुळे सरांना एकेकाकडे निरखून पाहायला सवड मिळत नाही. माझे प्रश्न दोन आहेत. माझ्या अंगकाठीला कोणती शैली योग्य ठरेल, आणि डावखुरी असल्यामुळे मी साउथपॉ व्हावे का, म्हणजे उजवा पाय आणि उजवा हात पुढे ठेवून लढावे का? चतुर्थीपर्यंत या सगळ्यासाठी मी एकूण 4,000 रुपयेच खर्च करू शकते, आणि डिचोलीची बस चुकवून उशिरापर्यंत थांबणे मला शक्य नाही, हे कृपया लक्षात घ्यावे.

मांडवीकाठ
आपल्या उंचीला एकच उत्तर आहे, ते म्हणजे टायसनची पीक-अ-बू शैली. प्रशिक्षक कस डमॅटो यांनी ती आधी फ्लॉइड पॅटरसन या बॉक्सरला शिकवली आणि पुढे टायसनला शिकवली. पाच फूट दहा इंचांचा टायसन 1986 मध्ये वयाच्या 20 व्या वर्षी हेवीवेट विजेता झाला, आणि त्याचे बहुतेक प्रतिस्पर्धी त्याच्यापेक्षा उंच होते. दोन्ही मुठी गालांशी, हनुवटी छातीकडे, डोके सतत हलते, आणि आत शिरून दोन्ही हातांनी हुक. मी स्वतः पाच फूट चार इंच आहे आणि गेली दोन वर्षे हीच शैली करतो. त्यासाठी घराच्या बाल्कनीत ठोसे मारायची मोठी बॅग टांगून घेतली. स्टँड, साखळी आणि वाहतूक धरून 14,500 रुपये गेले, पण रोज सकाळी अर्धा तास मनासारखा सराव होतो. आपणही आधी बॅग घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

फोंड्याचा_जुना_खेळाडू
बाय, मी राज्य पातळीवर सहा वर्षे खेळलो आहे, म्हणून थोडे अधिकाराने लिहितो. टायसनचे हुक सगळ्यांना दिसतात. त्याआधी वर्षानुवर्षे केलेले मानेचे, मांड्यांचे आणि झुकांडी देण्याचे काम कोणाला दिसत नाही. डोके न हलवता पुढे जाणारा खेळाडू म्हणजे धिरयोत (बैलांच्या झुंजीत) मान खाली घालून धावणारा बैल, आणि त्याला समोरचा फक्त जॅबवर थोपवून धरतो. आमच्या वेळी पहिले वर्ष जॅब आणि पाय यांपलीकडे काही शिकवत नसत. आज मुले मोबाइलवर एका मिनिटाची दृश्ये पाहून दुसऱ्या दिवशी खांदा फिरवून बचाव करू पाहतात आणि नाक फोडून घेतात, याचे मनापासून वाईट वाटते. शैली ठरवू नका. अजून एक वर्ष जॅब मारा.

सत्तरीकर
मी डावखुरा आहे आणि माझी दोन वर्षे उलट्या पवित्र्यात वाया गेली, म्हणून हे कळकळीने लिहितो. आजच उजवा पाय पुढे घ्या. साउथपॉसमोर उभे राहायची बहुतेकांना सवय नसते. आपला पुढचा पाय त्यांच्या पुढच्या पायाच्या बाहेरच्या बाजूला ठेवला की मागचा डावा हात त्यांच्या गार्डच्या (बचावासाठी वर धरलेल्या हातांच्या) मधून सरळ जातो. बदल केल्यानंतर पहिले तीन महिने मी स्वतःच्याच पायात अडखळत होतो, हे खरे आहे. पण चौथ्या महिन्यात माझ्या डाव्या क्रॉसने आमच्या वर्गातल्या सगळ्यात ज्येष्ठ मुलाला खाली बसवले, तो दिवस मी विसरणार नाही.

पॅड_धरणारा
सत्तरीकर, आपला अनुभव आपल्यासाठी खरा आहे, पण तो नियम होत नाही. अमेरिकन बॉक्सर ऑस्कर डी ला होया मूळचा डावखुरा, तरी लढला ऑर्थोडॉक्स, म्हणजे डावा पाय पुढे असलेल्या पवित्र्यात. त्याने 1992 साली बार्सिलोनात ऑलिंपिक सुवर्ण मिळवले, आणि पुढच्या डाव्या हाताचा हुक हीच त्याची ओळख होती. बलवान हात पुढे असला की जॅब वजनदार होतो, हुकला कमी अंतर कापावे लागते, आणि यकृत उजव्या बाजूला असल्यामुळे डावा हुक बरगडीखाली बसला तर चांगला दमदार खेळाडूही गुडघ्यावर येतो. मी रोज पाच-सहा जणांच्या ठोशांसमोर पॅड धरतो आणि ज्यांचा पुढचा हात जड असतो ते लगेच कळतात. ताई, आपला उजवा क्रॉस कमकुवत पडत असेल, तर त्यावर मात्र काम करावे लागेल.

सत्तरीकर
डी ला होया लहानपणापासून शिकला होता. इथे आठ महिने झालेल्या माणसाचा प्रश्न आहे. जितका उशीर होईल तितकी सवय पक्की होईल, हे माझे म्हणणे कायम आहे.

वास्कोचा_वारा
शैलीविषयी मला फार कळत नाही, पण पावसाळ्याविषयी कळते. मी मागच्या वर्षी खूप हालचाल करणारा खेळाडू व्हायचे ठरवले आणि 11,000 रुपयांचे बॉक्सिंगचे बूट मागवले. जुलैमध्ये आमच्या हॉलची फरशी दमट हवेने इतकी निसरडी झाली की बाजूला उडी घेताना घोटा मुरगळला आणि पाच आठवडे घरी बसलो. तोपर्यंत बुटांना आणि पिशवीत राहिलेल्या ग्लव्ह्जना बुरशी आली होती. कृपया ग्लव्ह्ज पिशवीत ठेवू नका. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवा आणि हँडरॅप (हाताला गुंडाळायच्या पट्ट्या) दर वेळी धुवा. ओल्या जमिनीवर उड्या मारू नका, पाय घासत छोटी पावले टाका.

पॅड_धरणारा
छोट्या पावलांविषयी पूर्ण सहमत. ग्लव्ह्जचा विषय निघाला म्हणून सांगतो, स्पॅरिंगला 16 औंसांचेच घ्यावेत.

फोंड्याचा_जुना_खेळाडू
54 किलोच्या मुलीला 14 औंस पुरतात. 16 औंसांनी हात दमतात आणि दमलेले हात खाली येतात.

पॅड_धरणारा
हात दमतात म्हणूनच सरावात जड घ्यायचे, म्हणजे सामन्यातले 10 औंस हलके वाटतात. शिवाय ते समोरच्याच्या सुरक्षेसाठी असतात.

मडगावची_फिजिओ
ग्लव्ह्जचे वजन तिच्या सरांनाच ठरवू द्यावे. मूळ प्रश्न शैलीचा आहे. मी खेळाडूंवर उपचार करते आणि स्वतः चार वर्षे हौस म्हणून बॉक्सिंग केले आहे. ताई, तुम्ही शैली निवडायला निघाला आहात, पण तुमच्या शरीराने अर्धी निवड आधीच केलेली असण्याची शक्यता आहे. अचानक ठोसा आला की कोणी मागे सरते, कोणी बाजूला जाते, कोणी हात वर घेऊन झाकते, कोणी डोळे मिटून पुढे घुसते. ही पहिली प्रतिक्रिया बदलणे कठीण असते, तिच्यावर बांधकाम करणे त्या मानाने सोपे. मैत्रिणीला मोबाइल देऊन तीन-चार दिवसांच्या स्पॅरिंगचे चित्रण करा. मग कागदावर फक्त एवढेच लिहा : ठोसा आल्यावर मी कुठे गेले, त्यानंतर माझा कोणता हात निघाला, तो लागला का. शेवटच्या फेरीचा शेवटचा मिनिट वेगळा मोजा, कारण दमल्यावर शिकवलेले गळून पडते आणि तुमचे स्वतःचे तेवढे उरते. यासाठी एक रुपयाही लागत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हेडगार्डमुळे भुवई फुटणे कमी होते, मेंदूला बसणारा हिसका थांबत नाही. डोक्याला मार लागून गरगरले, मळमळले किंवा प्रकाश सहन होईना, तर त्या दिवशी स्पॅरिंग तिथेच थांबवून डॉक्टरांना दाखवा आणि त्यांनी परवानगी देईपर्यंत पुन्हा उभ्या राहू नका. आत घुसून लढणारी शैली नवख्याने घेतली की हा मार सगळ्यात जास्त बसतो, असे मी माझ्याकडे येणाऱ्या मुलांत पाहते.

काणकोण_किनारा
वर कोणी सांगितले असेल, तरी पुन्हा सांगतो की डावखुऱ्याने साउथपॉच व्हावे. मी परदेशातल्या एका प्रशिक्षकाचा ऑनलाइन वर्ग 18,000 रुपये भरून घेतला, त्यात साउथपॉसाठी वेगळा भाग आहे. शिवाय उंची कमी असेल तर दोरांना टेकून समोरच्याला दमवायचे आणि शेवटी मारायचे, जसे मुहम्मद अलीने जॉर्ज फोरमनला केले.

फोंड्याचा_जुना_खेळाडू
हे कृपया कोणी करू नये. किन्शासातला 1974 चा तो सामना 15 फेऱ्यांचा ठरलेला होता आणि अलीने आठव्या फेरीत फोरमनला पाडले. आपल्याकडच्या हौशी सामन्यात तीन-तीन मिनिटांच्या तीनच फेऱ्या असतात. दोरांना टेकून मार झेलत राहिलात तर पंच पहिली फेरी 10-9 ने समोरच्याला देतील, दुसरीही देतील, आणि तिसऱ्या फेरीत तुम्ही कितीही ताज्या असलात तरी हिशेब जुळणार नाही. शिवाय अली उंच होता. दोर त्याने उंची कमी म्हणून निवडले नव्हते.

मांडवीकाठ
अलीचा विषय निघालाच आहे तर हेही पाहावे की 1971 मध्ये आत घुसणाऱ्या, उंचीने कमी असलेल्या जो फ्रेझरनेच अलीला हरवले आणि पंधराव्या फेरीत डाव्या हुकने खाली पाडले. म्हणजे माझेच म्हणणे सिद्ध होते.

पॅड_धरणारा
त्याच फ्रेझरला 1973 मध्ये किंग्स्टनला फोरमनने दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडले आणि त्या फोरमनला पुढच्या वर्षी अलीने पाडले. तिघांच्या तीन शैली, आणि प्रत्येकीला भारी पडणारी दुसरी शैली निघाली. म्हणून उंचीवरून शैली ठरवण्याला माझा विरोध आहे. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांमध्ये सगळ्यात खालचा गट 51 किलोचा असल्यामुळे मेरी कोम स्वतःच्या गटाच्या वर जाऊन उंच मुलींशी लढली आणि कांस्यपदक घेऊन आली. ते केवळ डोके खाली घालून आत घुसण्याने झाले नाही. ती अंतराच्या बाहेर राहायची, झटक्यात आत जायची आणि लगेच बाहेर यायची. उलट लवलीना बोर्गोहेनसारख्या उंच खेळाडूला लांबूनच खेळता येते.

काणकोण_किनारा
तरीही पवित्रा बदलावाच, असे मला वाटते. त्या ऑनलाइन वर्गाला सध्या सवलत आहे.

डिचोलीची_डावखुरी
सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. उत्तराला तीन आठवडे लागले, कारण फिजिओताईंनी सांगितलेली मोजणी पूर्ण करायची होती. एकूण अकरा फेऱ्यांचे चित्रण जमले. ते पाहताना पहिल्यांदा फार वाईट वाटले, कारण मी पुढे जाते असे मला जे वाटत होते ते जवळजवळ कुठेच दिसले नाही. ठोसा आला की बहुतेक वेळा मी अर्धे पाऊल मागे आणि उजवीकडे जाते. परंतु त्यानंतर काय होते ते मला माहीतच नव्हते : समोरची मुलगी मागोमाग येते आणि माझा डावा हुक आपोआप निघतो. अकरा फेऱ्यांत माझे जे स्वच्छ ठोसे लागले त्यांतले निम्म्याहून अधिक हेच होते, आणि दमल्यावर तर दुसरे काही उरतच नाही. सरांना दाखवले तेव्हा त्यांनी दोनदा मागे घेऊन पाहिले आणि याला चेक हुक म्हणतात असे सांगितले. 2007 मध्ये फ्लॉइड मेवेदरने रिकी हॅटनला दहाव्या फेरीत याच ठोशाने पाडले होते.

त्यामुळे मी असे ठरवले आहे. डावा पाय पुढेच राहील, मी साउथपॉ होणार नाही. उंची कमी असूनही आत घुसणार नाही. समोरच्याला येऊ देईन, डाव्या पायाच्या चवड्यावर वळून उजवा पाय मागून फिरवेन आणि हुक मारेन. बहुतेकांचा सल्ला याच्या उलट आहे याची मला जाणीव आहे, पण चित्रणात जे दिसले त्यावर माझा विश्वास बसला आहे. बॅग, बूट किंवा ऑनलाइन वर्ग घेणार नाही. चांगला माउथगार्ड घेतला आणि उरलेल्या पैशांतून चतुर्थीपर्यंत दर रविवारी बसने फोंड्याला जाऊन अनोळखी मुलींबरोबर स्पॅरिंग करणार आहे. वर्गातल्या मुलींना माझी सवय झाली आहे, तेव्हा हा ठोसा खरोखर माझा आहे की त्यांच्या चुकीमुळे लागतो, हे तिथेच कळेल.

सत्तरीकर
निर्णय आपला आहे, त्याचा आदर करतो. तरी दोन वर्षांनी पवित्रा बदलावासा वाटला तर मला अवश्य विचारा.

मांडवीकाठ
मागे सरणाऱ्या खेळाडूला पंच गुण देत नाहीत. बॅगविषयी पुन्हा विचार व्हावा.

फोंड्याचा_जुना_खेळाडू
मागे सरून ठोसा लागला तर गुण मिळतो, नुसते मागे सरले तर मिळत नाही. बाय, तुझ्या शैलीतली अडचण वेगळी आहे. समोरची मुलगी आलीच नाही तर तू काय करशील? अनुभवी मुलगी पहिल्या फेरीत दोनदा हुक खाल्ला की थांबेल, आणि मग तुम्ही दोघी एकमेकींकडे पाहत उभ्या राहाल. तिला यायला भाग पाडणे तुझ्याकडेच असले पाहिजे. त्यासाठी जॅब अर्धा टाकून परत ओढायचा, पुढच्या पायाने जमिनीवर आवाज करून हुलकावणी द्यायची, आणि ती बिचकून हात उचलते की पुढे येते ते पाहायचे. रविवारी रिंगमध्ये उतरण्यापूर्वी आरशासमोर तीन फेऱ्या एवढेच कर, एकही ठोसा पूर्ण न मारता. फोंड्याला कोणत्या रविवारपासून येणार ते इथे लिही. मी सकाळी तिथेच असतो, पॅड धरीन.

डिचोलीची_डावखुरी
येत्या रविवारीच येते, दादा. पहिल्या बसने निघाले की साडेआठपर्यंत पोहोचेन.